किनाऱ्यावरचा पेशंट

जनावरांच्या डॉक्टरकीत आमच्या वेळी गाय, म्हैस, घोडा, शेळी, कुत्रा, कोंबडी एवढाच संसार होता. हत्ती तोंडी लावण्यापुरता. पनवेलला दवाखाना टाकला तेव्हा तेवढं पुरतही होतं. आसपास तबेले होते. पावसाळ्याआधी घटसर्प-फऱ्याच्या लशी, रात्री-बेरात्री अडलेली म्हैस, कधी माथेरानचं लंगडणारं घोडं. आता तबेल्यांच्या जागी टॉवर उभे राहिलेत आणि माझ्या टेबलावर लॅब्राडोर आणि पर्शियन मांजरं चढतात. मी समुद्रातल्या प्राण्यांसाठीही जातो म्हटलं की टॉवरमधली मंडळी हसतात. पनवेलला समुद्र कुठाय?

आहे, खाडीच्या रूपानं आहे. पनवेल एके काळी बंदर होतं, गलबतं थेट गावाला लागत. गाढी नदी खाडीला मिळते तिथून ते पाणी उलव्याच्या, न्हाव्याच्या अंगानं जात मुंबईच्या बंदरात शिरतं. आता त्याच्या काठाला विमानतळ झाला, पुढे न्हावा-शेव्याच्या क्रेन उभ्या आहेत आणि 2024च्या जानेवारीपासून वरून अटल सेतू गेलाय, बावीस किलोमीटरला थोडा कमी. एवढ्या खटाटोपात खालच्या पाण्यात डॉल्फिन टिकून आहेत हे बहुतेकांच्या गावीही नसतं. पाठीवर लांबट उंचवटा असलेला हंपबॅक डॉल्फिन हा उथळ पाण्याचा, खाड्यांच्या तोंडाशी चरणारा प्राणी. खोल समुद्र त्याला नकोच असतो. म्हणजे माणसाला जी जागा हवी असते, नेमकी तीच त्यालाही हवी असते. बंदर, मासेमारी, गटारं, पूल, सगळं त्याच्या अंगणात.

माझा संबंध आला तो पंचनाम्यामुळे. डॉल्फिन, देवमासे, पॉरपॉइज हे सगळे वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले. वाघाला जे संरक्षण तेच यांना. त्यामुळे किनाऱ्यावर मेलेला डॉल्फिन लागला तरी गावकऱ्यांनी खड्डा खणून पुरला असं चालत नाही. वनखातं येतं, मोजमाप होतं, शवविच्छेदन होतं. सरकारी डॉक्टर दुसऱ्या टोकाला अडकला की ओळखीचा वनरक्षक मला फोन करतो. फोनवर वाक्य ठरलेलं, "डॉक्टर, मोठा मासा लागलाय." हा मोठा मासा म्हणजे काहीही असू शकतं. कधी कासव असतं, कधी पॉरपॉइज. एकदा तर फुगून तरंगत आलेली म्हैस निघाली. ती निदान माझ्या हक्काची होती.

बहुतेक वेळा जायचं ते मेलेल्यासाठी. मासेमारी 1 जून ते 31 जुलै बंद असते, तरी मेलेले जीव पावसाळ्यातच जास्त लागतात. नैऋत्येचा वारा आणि लाटा बाहेरचं सगळं किनाऱ्याला आणून टाकतात. त्यात सर्वांत जास्त फिनलेस पॉरपॉइज. पाच-सव्वापाच फुटांचा, राखाडी, आखूड तोंडाचा प्राणी, पाठीवर पर नाही. कुजायला लागलेला असला तर विचारूच नका. घरी आल्यावर कपडे बाहेरच्या नळावर, अंघोळ दोनदा, तरी जेवताना बायको पानाच्या पलीकडे बसते. पण त्यातही वाचता येण्यासारखं पुष्कळ असतं. तोंडाच्या कडेला आणि परांच्या मुळाशी दोऱ्याच्या बारीक रेघा असतात. श्वासनळी उघडली की फेस. पोटात कोळंबी, म्हाकूल, लहान मासे, म्हणजे मरायच्या आधी बिचारा व्यवस्थित जेवला होता. आजारी नव्हता; जाळ्यात अडकला आणि वर येऊन श्वास घेता आला नाही. "बुडून मेला" असं मी बघ्यांना सांगतो तेव्हा कोणीतरी हटकून म्हणतं, "डॉक्टर, मासा कसा बुडेल?" मग फुप्फुस दाखवायचं. शाळेतल्या मास्तरांनी जे सांगितलं ते इथे वाळूत पटतं.

कोळी लोकांना मात्र हे सांगावं लागत नाही. जाळ्यात जिवंत सापडला तर त्यातले बरेच जण स्वतःहून सोडतात. जाळं कापायचं म्हणजे हजारोंचं नुकसान, म्हणून राज्य सरकारनं 2018च्या डिसेंबरात योजना आणली. संरक्षित प्राणी सोडण्यासाठी जाळं कापावं लागलं तर 25 हजार रुपयांपर्यंत भरपाई. पुरावा म्हणून फोटो लागतात. माझ्या ओळखीचे एक नाखवा आहेत उरणच्या बाजूचे, सत्तरी ओलांडलेले. ते या फोटो काढण्याचं वर्णन असं करतात की ऐकणाऱ्यानं पोट धरावं. एका हातात कोयता, दुसऱ्या हातात कासवाचा पाय, बोट हलतेय, आणि पोरगा ओरडतोय, बाबा जरा इकडे बघा, तोंड दिसत नाय तुमचा. पैसे मिळाले, असंही ते लगेच सांगतात.

याच नाखवांबरोबर मी जिवंत डॉल्फिनजवळ पहिल्यांदा बसलो.

दिवाळी उलटून गेली होती. सकाळी फोन आला. गव्हाणफाट्यावरून जासईकडे कंटेनरच्या रांगांतून गाडी काढेपर्यंत ऊन वर आलं. ओहोटी लागून पाणी लांब गेलेलं आणि चिखलवाळूच्या पट्ट्यावर दोन-अडीचशे माणसांचं कडं. आत सात फुटी डॉल्फिन. कोणीतरी त्याच्या शेपटीला नायलॉनची दोरी बांधली होती. दोन पोरं बादलीनं त्याच्या डोक्यावर पाणी ओतत होती, अगदी प्रेमानं, आणि ते पाणी सरळ त्याच्या नाकात जात होतं. डॉल्फिनचं नाक डोक्यावर असतं हे त्यांना कुठून माहीत असणार? एका बाईंनी हळदकुंकू वाहून नारळ ठेवला होता. बाकीच्यांचे मोबाईल.

प्राणी दिसला की आम्हा पशुवैद्यांचं पहिलं काम ठरलेलं असतं. बसलेली म्हैस उठवायची. बसून राहिली तर तिच्या अंगाखालचे स्नायू मरतात, म्हणून शेपटी पिरगाळा, बांबू घाला, पण उभी करा. डॉल्फिनला उभं करायला पायच नाहीत. पाण्यात त्याला वजन जाणवतही नाही. जमिनीवर आल्याबरोबर दीडशे किलोचं अंग त्याच्याच छातीवर येतं आणि फुप्फुसं दाबायला लागतं. शिवाय कातडीखाली चरबीचा जाड थर. थंड पाण्यासाठी घातलेला कोट उन्हात काढता येत नाही. गुंगीचं इंजेक्शन द्यावं म्हटलं तर आणखी पंचाईत, कारण डॉल्फिनचा श्वास आपल्यासारखा आपोआप चालत नाही. तो जागा राहून, ठरवून श्वास घेतो. गुंगी आली की श्वास थांबू शकतो. थोडक्यात, माझ्या बॅगेतलं जवळजवळ सगळं निकामी.

राहिलं काय? चादरी. वनरक्षकानं गावातून जुन्या चादरी आणवल्या, त्या समुद्राच्या पाण्यात भिजवून अंगावर घातल्या. नाक उघडं ठेवून. पाठीवरचा पर, शेपूट आणि बाजूचे पर यांतूनच तो अंगातली उष्णता बाहेर टाकतो, म्हणून तिथे पाणी पुन्हापुन्हा. बांबू रोवून वर ताडपत्री. तो एका कुशीवर कलला होता, त्याला पोटावर सरळ केला आणि बाजूच्या परांखाली हातानं खड्डे काढून त्यात पाणी सोडलं, म्हणजे पर मुडपले जाणार नाहीत. शेपटीची दोरी सोडवली. शेपटीला धरून ओढला तर मणका निखळतो. हे सगळं करायला अर्धा तास लागला असेल.

त्या अर्ध्या तासात मी पहिल्यांदा त्याच्या अंगावर हात ठेवला. पंक्चरवाल्याच्या टबातून नुकत्याच काढलेल्या ट्यूबसारखी कातडी, तशीच ताठ आणि गुळगुळीत. पण आतून गरम. उन्हाच्या बाजूला पापुद्रे सुटायला लागले होते. श्वास सोडला की फस्सकन आवाज आणि शिळ्या मासळीचा भपकारा थेट तोंडावर. मी घड्याळ लावून श्वास मोजले. स्वस्थ असताना मिनिटाला दोन-चार, याचे दहा-बारा चालले होते. डोळा उघडा, भोवतीनं चिकट जाड पाणी. तो डोळा माझ्या हाताबरोबर फिरत होता.

कड्यातली एक मुलगी आईला म्हणाली, "बघ, तो हसतोय." तिचं काही चुकलं नव्हतं. डॉल्फिनच्या जबड्याची ठेवणच अशी की तोंडाची रेघ कायम वर वळलेली. मेलेल्या डॉल्फिनचा चेहराही तसाच असतो, मी पुष्कळ पाहिलेत. घाबरलेली म्हैस डोळे पांढरे करते, कुत्रं शेपूट पायात घालतं, घोडा कान मागे टाकतो. हा प्राणी भीती दाखवायला बांधलेलाच नाही. शांत पडलाय म्हणून त्याला आवडतंय, असं समजून लोक त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात, आणि त्याचे श्वास मिनिटाला दोनानं वाढतात.

"आता पुढे काय?" मी वनरक्षकाला विचारायच्या आत नाखवा बोलले, "आता काय कराचा नाय. पानी येव दे."

त्या दिवशी संकष्टी होती. आमच्याकडे भरतीचा हिशेब तिथीवर चालतो, तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ. चतुर्थी, म्हणजे तीन. दुपारी तीनला पूर्ण भरती, त्याआधी दीड-दोनला कमरेइतकं पाणी तिथे पोहोचेल. मोबाईलवर कोणीतरी भरतीचं कोष्टक उघडलं, तेही तीनच्या पुढे दहा-पंधरा मिनिटांवर होतं. तोवर साडेनऊ वाजले होते.

चार तास. मला त्या दिवशी प्राणी सांभाळायला जड गेलं नाही, माणसं सांभाळायला गेलं. दर दहा मिनिटांनी कोणीतरी नवीन येई आणि नव्यानं विचारी, "असंच ठेवणार? उचला ना पाण्यात!" पाणी शंभरेक पावलं लांब होतं आणि मध्ये गुडघाभर चिखल. पंधरा पोरांनी उचलून नेला असता, हे खरं. मध्ये दोनदा पडलाही असता. एका गृहस्थांनी मला सुनावलं की तुम्ही सरकारी लोक नुसते बघत बसता. मी सरकारी नाही म्हटल्यावर तर ते अधिकच चिडले. काहीच न करणारा डॉक्टर लोकांना बघवत नाही. गुरांच्या दवाखान्यातही मालकाला सुई टोचलेली दिसली की समाधान वाटतं. शेवटी मी आणि नाखवांच्या सुनेनं कामं वाटली. तू चादर भिजव, तू ताडपत्री धर, तू लहान पोरांना मागे ने. हातांना काम मिळालं तसे आवाज खाली आले. त्या गृहस्थांकडे मी श्वास मोजायची वही दिली. त्यांनी ती शेवटपर्यंत इमानानं लिहिली, अक्षरही सुरेख.

पाणी आलं. ताडपत्री खालून सरकवून त्याला त्यावर घेतला आणि कमरेइतक्या पाण्यात नुसता धरून उभे राहिलो. एकदम सोडायचा नसतो. तासन् तास पडून त्याचा तोल गेलेला असतो, एका अंगावर कलतो आणि नाकात पाणी जातं. वीसेक मिनिटांनी शेपटीला जोर आला. सोडला तर आधी वाकडा पोहला, एकदा किनाऱ्याकडेच वळला, नाखवांनी पाण्यावर हात आपटला तसा फिरला आणि गेला. टाळ्या, शिट्ट्या, गणपती बाप्पा मोरया. संध्याकाळपर्यंत तो व्हिडिओ माझ्या दवाखान्यातल्या कंपाउंडरकडे तीन ठिकाणांहून आला होता.

त्या टाळ्यांत मी नव्हतो, आणि त्याचं कारण घोडा आहे. आठवडाभर बांधून ठेवलेल्या घोड्याला एकदम पळवला की त्याचे मांडीचे स्नायू फुटतात, लघवी कॉफीच्या रंगाची येते. स्नायूंतलं लाल प्रथिन रक्तात उतरून मूत्रपिंडात अडकतं. घोडा त्या क्षणी मरत नाही. दोन-तीन दिवसांनी मरतो. पकडलेल्या चितळांचंही हेच होतं. पिंजऱ्यातून टुणकन उडी मारून जंगलात गेलेलं चितळ चौथ्या दिवशी मेलेलं सापडतं. भीती, धडपड आणि अंगाखाली दबलेले स्नायू, तिन्ही गोष्टी किनाऱ्यावरच्या डॉल्फिनच्या वाट्याला आलेल्या असतात. वर मुळात तो किनाऱ्याला का लागला? आजार असेल, जाळ्याची जखम असेल, कानात कृमी असतील, ओहोटीचा अंदाज चुकला असेल. शेवटचं एक सोडलं तर बाकी कशावरही समुद्रात ढकलणं हा इलाज नाही. त्याच्या अंगावर खूण नव्हती, पुढे त्याचं काय झालं ते कळायला मार्ग नाही. पंचनाम्यात "समुद्रात सुखरूप सोडले" असं लिहिलं गेलं. त्यातल्या "सुखरूप"वर मी सही केली, कारण सोडताना तो सुखरूप होता.

मोठ्या देवमाशांच्या बाबतीत तर हिशेब आणखी कठीण. 2015च्या जूनमध्ये रेवदंड्याला जवळजवळ 42 फुटी निळा देवमासा जिवंत लागला होता. कोळ्यांनी बोटी लावल्या, वनखातं आलं, दोऱ्या लावल्या. तो मेला आणि तिथेच वाळूत पुरावा लागला. त्याच वर्षी सिंधुदुर्गच्या समुद्रात संशोधकांना निळे देवमासे पोहताना दिसल्याच्या बातमीनं सगळे हरखले होते. 2023च्या नोव्हेंबरात गणपतीपुळ्याला देवमाशाचं पिल्लू लागलं. चाळीसेक तास माणसं राबली, अंगावर ओल्या चादरी, सलाइन, शेवटी टगबोटीनं खोल पाण्यात नेलं. ते पुन्हा किनाऱ्याला लागलं, मेलेलं. तमिळनाडूत मणपाडजवळ 2016च्या जानेवारीत ऐंशीच्या वर पायलट व्हेल एकदम आले. कोळ्यांनी ढकललेल्यांपैकी कित्येक परत फिरून आले. त्याच भागात 1973च्या जानेवारीतही असंच झालं होतं. माणसांनी कमी कष्ट घेतले असं यांतल्या कुठल्याही ठिकाणी म्हणता येणार नाही. दूध पिणाऱ्या पिल्लाला आई हवी असते आणि आई टगबोटीला बांधून आणता येत नाही.

(अशा वेळी गर्दीतला एक प्रश्न कधी चुकत नाही, "डॉक्टर, ह्याची उलटी किती कोटीला जाते?" ती स्पर्म व्हेलची, हा तो नव्हे आणि तिचा व्यापार केला तर तुरुंग आहे, एवढं मी एका दमात सांगतो.)

माझ्या बॅचची एक मैत्रीण मूळची पेणची, लग्नानंतर कॅलिफोर्नियात गेली. तिथे सॉसालिटोला 1975 साली सुरू झालेलं मरीन मॅमल सेंटर आहे, समुद्री सस्तन प्राण्यांचं मोठं इस्पितळ. ती तिथे सुट्टीच्या दिवशी स्वयंसेवक म्हणून जाते. मी तिला डॉल्फिनची हकीकत सांगितली तेव्हा ती फोनवर हसायलाच लागली. म्हणाली, "अरे, आमच्याकडेही दिवसभर हेच चालतं. ढकलू नका, ढकलू नका."

फरक असा की तिच्याकडचे पेशंट म्हणजे सी लायन, समुद्रसिंह. आपल्या किनाऱ्यावर ते नाहीत. मागचे पर पोटाखाली घेऊन ते चक्क चालतात, खडकावर चढतात, धक्क्यावर झोपतात. किनाऱ्यावर पडून राहणं हा त्यांचा आराम. लोकांना वाटतं बिचारा अडकलाय, आणि दहा जण मिळून त्याला परत पाण्यात हाकलतात. सॅन फ्रान्सिस्कोला पिअर 39 नावाचा धक्का आहे. 1989च्या भूकंपानंतरच्या हिवाळ्यात तिथल्या होड्यांच्या तराफ्यांवर समुद्रसिंह येऊन बसायला लागले, काही महिन्यांत तीनेकशे झाले. होडीवाल्यांनी वास, ओरडा, घाण अशा तक्रारी केल्या. सल्ला या सेंटरकडे मागितला गेला, आणि शेवटी होड्या हलवल्या, समुद्रसिंह राहिले. मला हे ऐकून आधी खोटंच वाटलं. आमच्याकडे पार्किंगच्या जागेवरून कुत्रं हलवायला सोसायटीची सभा बसते.

पण गोंडस गोष्टी तिनं लगेच आवरत्या घेतल्या. नर समुद्रसिंह तीनशे किलोच्या पुढे जातो, आणि त्याचे दात मोठ्या कुत्र्याच्या दातांना मागे टाकतील असे. 2017च्या मे महिन्यात कॅनडात व्हँकुव्हरजवळ स्टीव्हस्टनच्या धक्क्यावर लोक एका समुद्रसिंहाला खायला टाकत होते. एक लहान मुलगी कठड्यावर पाठ करून बसली, त्यानं फ्रॉक तोंडात धरून तिला पाण्यात ओढली. घरच्यांतल्या एकानं उडी मारून तिला काढलं. जखम लहानच होती, पण डॉक्टरांनी प्रतिजैविकं दिली, कारण या प्राण्यांच्या तोंडातल्या जंतूंनी बोट कुजल्यागत सुजतं आणि नेहमीच्या पेनिसिलिनला दाद देत नाही. प्राणी हल्ला करायला आला नव्हता. त्याला हातातून खायची सवय लावली होती आणि फ्रॉक हाताजवळ होता. इकडे खारघरच्या खारफुटीतल्या कोल्ह्यांना बिस्किटं टाकणाऱ्यांना मी हीच गोष्ट सांगतो, नाव-गाव बदलून.

दुसरं तिनं सांगितलं ते माझ्या धंद्याच्या जास्त जवळचं. समुद्रात काही सूक्ष्म शेवाळं वाढली की डोमोइक आम्ल नावाचं विष तयार होतं. ते तारली, मांदेली असल्या माशांच्या पोटात साठतं आणि ते मासे खाणाऱ्या समुद्रसिंहांच्या मेंदूवर चढतं. डोकं एका लयीत मागे झुकत राहतं, झटके येतात, गाभण माद्या गाभडतात. 2025च्या वसंतात दक्षिण कॅलिफोर्नियाचे किनारे अशा प्राण्यांनी भरले होते, आणि लाटांवर खेळणाऱ्या माणसांच्या अंगावर ते धावून गेल्याच्या बातम्या आल्या. लोक म्हणाले, समुद्रसिंह चवताळलेत. चवताळलेले नव्हते, आजारी होते. पिसाळलेलं कुत्रं आणि मारकं कुत्रं यांतला फरक मालकाला समजावताना माझे केस पांढरे झाले, त्यामुळे हे मला फोड करून सांगावं लागलं नाही. पेरू आणि चिलीत 2023 साली बर्ड फ्लूनं हजारो समुद्रसिंह मेले तेव्हापासून ती हातमोजे आणि मास्कशिवाय कुठल्याच प्राण्याजवळ जात नाही. मीही आता जात नाही. त्या फस्सकन श्वासापुढे तोंड नेऊन बसायची हौस फिटली.

तिकडचा समुद्री सस्तन प्राण्यांचा कायदा 1972चा, आपला वन्यजीव कायदाही 1972चा. तिथे समुद्रसिंहापासून निदान 50 यार्ड लांब राहा असं सांगतात. आमच्याकडे दापोलीच्या बाजूला डॉल्फिन दाखवायला नेणाऱ्या बोटी असतात. मी घरच्यांबरोबर एकदा गेलो. एक पाठ वर आली की पाच बोटी तिच्यावर तुटून पडत. एक बोटवाला मात्र इंजिन बंद करून लांब थांबला. त्याच्या बोटीतले प्रवासी कुरकुरत होते. पाच मिनिटांनी दोन डॉल्फिन त्याच्याच पुढ्यात वर आले, एका पिल्लासह. मी त्याला विचारलं तर म्हणाला, "साहेब, डिझेल वाचतं." कारण काही का असेना.

मैत्रिणीनं मागे एक फोटो पाठवला होता. तिच्या सेंटरचे लोक समुद्रसिंहाजवळ जाताना छातीपुढे प्लायवुडचे मोठे फळे धरतात, मागे धरायला खाचा केलेल्या. फळ्यांची भिंत करून प्राण्याला वळवायचं, अंगाला हात न लावता. मी तो फोटो पनवेलच्या आमच्या सुताराला दाखवला आणि तसे चार करून घेतले. तो म्हणाला, "डॉक्टर, म्हशीला कशाला लागतात हे?" म्हशीला नाहीच लागत.

आता ते फळे गाडीच्या टपावर बांधलेले असतात. मागच्या पावसाळ्यात नागावकडे पॉरपॉइज लागला, जिवंत, पण जाळ्यानं पर कापलेला. दोन वनरक्षक, नाखवांचा मुलगा आणि मी, चौघांनी फळे धरून प्राण्याकडे पाठ आणि गर्दीकडे तोंड केलं. लोक आपोआप चार हात मागे सरकले. फळ्यापुढे माणूस का कोण जाणे ऐकतो. पॉरपॉइज दीड तासानं गेला, पण तोवर त्याच्या अंगावरून कोणाचा हात फिरला नाही आणि त्याच्याशेजारी कोणी फोटो काढला नाही. वनरक्षकानं जाताना आणखी दोन फळे मागितले. सुताराला मी सांगितलंय की या वेळी खाचा जरा मोठ्या काढ, ओल्या हातानं धरायला बरं पडतं.